गाडीची नेहमीची देखभाल: ऑइल, कूलंट, ब्रेक, एसी आणि आतली सफाई (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एप्रिल-मेमध्ये ओव्हरहीट आणि एसीचे प्रश्न येतात, जूनपासून बुरशी आणि ओल्या फुटमॅटचे, आणि दसऱ्याच्या आधी पॉलिशचे. तेच ते प्रश्न इथे क्रमांक घालून एकत्र केले आहेत. उत्तरं साधी पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. डिझेल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिकला वेगळं काही लागत असेल तर तसं सांगितलं आहे. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल आणि हे पान यांत फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

१. सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करायचं की महिने बघून?

जे आधी येईल ते. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष असा हिशेब असतो. सुरुवातीच्या ‘फ्री’ सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावे लागतात.

मॅन्युअलमधल्या तक्त्याखाली एक बारीक टीप असते, ती मात्र कोणी वाचत नाही. धुळीचे रस्ते, सतत थांबत-थांबत चालणं, छोट्या फेऱ्या, घाट, जड ओझं अशा ‘कठीण वापरा’साठी ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास काढणारी गाडी त्याच वर्णनात बसते.

२. बाबांची गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किमी चालते. तरी दरवर्षी ऑइल बदलायचं?

हो, बदलायचं. मंडईपर्यंत दोन किलोमीटर आणि परत, एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. ऑइलमधली गंज आणि आम्ल रोखणारी रसायनं त्यातच खर्च होतात. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हा हिशेब छोट्या फेऱ्यांना लागू पडत नाही. पंधरवड्यातून एकदा बाबांना अर्धा तास हायवेवर फिरवून आणा. गाडीलाही बरं, बाबांनाही.

३. ऑइलची पातळी घरी कशी बघायची?

गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. पहिल्यांदा काढल्यावर दिसते ती पातळी धरायची नाही.

ऑइल दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी ठीक. खालच्या खुणेजवळ असेल तर थोडं-थोडं घालत पुन्हा बघा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे आख्खा डबा ओतू नका. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइलही इंजिनाला त्रासच देतं. महिन्यातून एकदा आणि लाँग रूटला निघण्याआधी एवढं करा. पातळी खुणांच्या आत असूनही ऑइलचा लाल दिवा लागला, तर एक मीटरही पुढे जाऊ नका. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो.

४. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय. मेस्त्री म्हणतो, आपल्या उन्हाळ्यात घट्ट ऑइल बरं, २०डब्ल्यू-५० घाला. कोणाचं ऐकू?

मॅन्युअलचं. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा तापलेल्या इंजिनात किती घट्ट राहतं ते. बाहेर चंद्रपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १२, चालू इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या आसपासच असतं. ते तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा सांभाळतात.

मेस्त्रींचा अनुभव खोटा नाही, जुन्या इंजिनांचा आहे. त्या इंजिनांत फटी मोठ्या असायच्या. आताच्या इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद असतात आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणाच ऑइलच्या दाबावर चालते. तिथे घट्ट ऑइल सकाळी उशिरा पोहोचतं आणि ॲव्हरेजही खातं. मॅन्युअलने दोन-तीन ग्रेड दिले असतील आणि जुनी गाडी ऑइल जाळत असेल, तर त्यातला घट्ट ग्रेड निवडायला हरकत नाही.

ग्रेडबरोबर दर्जाची अक्षरंही बघा. पेट्रोलला एपीआय एसएन किंवा एसपी. बीएस-६ (धुराचे नवे, कडक नियम पाळणाऱ्या) डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. बऱ्याच गाड्यांना एसीईए सी२ किंवा सी३ सांगितलेलं असतं. त्यामागचं कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

५. बदलून महिना नाही झाला आणि ऑइल काळं पडलं. फसवलं का?

रंगावरून ठरवू नका. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. डिझेलमध्ये ते काही दिवसांतच काळं होतं. काळजी करायची ती दुधाळ कॉफीसारख्या रंगाची, कारण तो ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याचा संशय असतो. मात्र पावसाळ्यात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत नुसत्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस दिसतो. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर ती फक्त वाफ आहे.

६. कूलंट कमी झालं. साधं पाणी घातलं तर चालेल?

बोअरचं पाणी नको. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. ज्या गावात गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते, तिथे वेगळं सांगायला नको. प्रवासात अडलात तर बाटलीबंद पाणी घालून गॅरेज गाठा, पण नंतर मिश्रण बदलून घ्या. पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण प्रेशर कॅपखाली १२० च्याही वर टिकतं. शिवाय गंज थांबवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात.

विकत घेताना ते ‘रेडी टू यूज’ आहे की पाणी मिसळायचं आहे, ते वाचा. आधीच पातळ केलेल्यात पुन्हा पाणी घालणारे बरेच आहेत. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी असून चवीला गोड लागतं, म्हणून सांडलेलं धुऊन टाका. सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात.

७. आधीचं कूलंट हिरवं आहे, दुकानात गुलाबी मिळालं. मिसळू?

नको. रंग हा निव्वळ डाय असतो, त्याला कुठलंही प्रमाण नाही. हिरव्या-हिरव्यातही रसायन वेगळं असू शकतं. मॅन्युअलमधला प्रकार बघून घ्या. आत काय आहे तेच ठाऊक नसेल तर पूर्ण काढून नवं भरा.

८. घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला. काय करायचं?

एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली, आणि पहिल्या मोकळ्या जागी बाजूला. हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. मे महिन्यात नको वाटेल, पण उपयोग होतो. काटा खाली आला नाही किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, कारण दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. अर्धा-पाऊण तास चहा घ्या आणि मग कूलंटच्या टाकीतली पातळी बघा.

९. ब्रेक ऑइल कमी झालेलं नाही, ब्रेकही लागतात. मग ते बदलायचं कशाला?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. हजारो रुपयांचं पॉलिश करून घेणाऱ्या गाड्यांत पाच-पाच वर्षांचं ब्रेक ऑइल असतं, आणि बदलण्याचा खर्च तर एकदा टाकी फुल करण्यापेक्षाही कमी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रबरी पाइपांतून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून बाष्प हळूहळू आत जातं, कोकणात आणि मुंबईत तर बारा महिने. डॉट ४ (बाटलीवर ‘डॉट’ म्हणून लिहिलेला ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

शहरात हा फरक कळत नाही. कळतो तो आंबोलीहून सावंतवाडीकडे किंवा ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली की डिस्क तापते, तिची उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा नीट लागतात, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही.

त्यामुळे पातळी काहीही असो, साधारण दोन वर्षांनी बदला. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये एल, २ किंवा मॅन्युअल मोड वापरा. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात कधीच मिसळू नका. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली वापरू नका. आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलून निघतो.

१०. पण माझं ब्रेक ऑइल खरंच कमी झालंय. टॉप-अप करू?

आधी ब्रेक पॅड तपासून घ्या. पॅड झिजले की कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढं ऑइल टाकीतून खाली जातं. अशा वेळी टॉप-अप केलं तर नवे पॅड बसवताना ऑइल वरून सांडतं. पॅड चांगले असतील तर गळती शोधा, चाकांच्या आतली बाजू ओली दिसते का बघा. गळती सापडेपर्यंत गाडी काढू नका.

११. गिअर ऑइल ‘लाइफटाइम’ असतं म्हणे?

मॅन्युअल गिअरबॉक्सचं खूप टिकतं, आणि एएमटी (गिअर आपोआप बदलणारा स्वस्त प्रकार) हा आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त ॲक्च्युएटरचं (गिअर बदलून देणाऱ्या यंत्रणेचं) हायड्रॉलिक ऑइल वेगळं बघावं लागतं. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबाबत मात्र ‘लाइफटाइम’वर माझा विश्वास नाही. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी दिलेला आकडा धरा. सीव्हीटीमध्ये सीव्हीटीचंच ऑइल, तेही कंपनीने सांगितलेलं. तिथे साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं तर पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्सच बदलायची वेळ येते.

१२. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल सापडत नाही. कुठे असतं?

बहुधा नाहीच. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, त्यात ऑइल नसतं. बिलात ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल टॉप-अप’ दिसलं तर आधी बॉनेट उघडून टाकी दाखवायला सांगा.

१३. दाराच्या बिजागरीचा आवाज येतो. खोबरेल तेल घातलं तर?

दोन दिवस आवाज थांबेल, मग धूळ बसून काळा चिखल होईल. शिवाय खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे नाशिकच्या डिसेंबरात ते बिजागरीत थिजून बसणार. जुनं पुसून काढा आणि पांढरं लिथियम ग्रीस लावा. बॉनेटची कडी आणि सीटच्या रुळांनाही तेच. दाराची आणि काचेची रबरं चिकटत असतील तर सिलिकॉन स्प्रे, कारण पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं. गंज सोडवणारा स्प्रे अडकलेला नट सोडवायला चांगला, पण तो लवकर उडून जातो, वंगण म्हणून टिकत नाही. आणि यातलं काहीही ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका.

१४. बॅटरी अचानक बसली. आधी कळलं असतं का?

बऱ्याचदा कळतं. सेल्फ जड मारायला लागतो, सकाळी पहिल्या स्टार्टला दिवे मंदावतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दाखवलं तर अल्टरनेटर ठीक आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गरम पाण्यात सोडा घालून ब्रशने काढा, कोरडं करा आणि पेट्रोलियम जेली लावा. सोडताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना तो शेवटी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी स्वस्त बॅटरी बसवू नका. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणाऱ्या प्रकारची बॅटरी लागते.

१५. टायरमध्ये किती हवा? पंपवाला ३५ म्हणतो, नायट्रोजन घ्या म्हणतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा; भरलेल्या गाडीसाठी तिथेच वेगळा आकडा दिलेला असतो. टायर थंड असताना तपासा, म्हणजे घराजवळच्या पंपावर. लांब चालून तापलेल्या टायरची हवा ‘जास्त दिसते’ म्हणून काढू नका. नायट्रोजन वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळत असेल तर घ्या.

पावसाळ्याआधी नक्षीची खोली बघा. कायद्याने किमान १.६ मिमी लागते, पण ओल्या एक्स्प्रेस-वेवर तेवढ्यावर मी भरवसा ठेवणार नाही. वय टायरवरच्या चार आकड्यांवरून कळतं, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीतही हवा भरून ठेवा. ती बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ताशी ८० किमी असते.

१६. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरायचा का?

नाही. तो बंद चक्रात फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच. गारवा कमी वाटला की आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो. त्यात पिंपळाची पानं आणि बोटभर धूळ सापडली तर मेकॅनिकची गरज उरत नाही.

१७. एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास येतो.

डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरवर (एसीची हवा गार करणाऱ्या जाळीवर) ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. वरून परफ्यूम लावला तर दोन्ही वास एकत्र येतात, दुसरं काही होत नाही. केबिन फिल्टर बदला, इव्हॅपोरेटरसाठी मिळणारा फोम किंवा स्प्रे वापरा. त्यानंतर एक सवय लावून घ्या: घर जवळ आलं की दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. आतली ओल वाळते.

१८. पावसाळ्यात पुढच्या डाव्या बाजूचा कार्पेट सतत ओला. काचेतून पाणी येतंय का?

आधी ते एसीचं आहे का बघा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत उतरतंय. नळी साफ करणं हे दहा मिनिटांचं काम आहे. एसी न लावताही ओल येत असेल तर सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या, वायपरखालच्या जाळीत साचलेली पानं आणि दारांच्या तळाची निचऱ्याची छिद्रं तपासा. ओलीचा रंग हिरवा-गुलाबी असेल आणि काचेवर चिकट धुकं येत असेल, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे.

पाणी कुठूनही आलेलं असो, फुटमॅट उचलून वाळवून भागत नाही. कार्पेटखालचा फोम आठवडाभर ओला राहतो. सीट सोडवून कार्पेट उचला, पंखा लावा. बुरशी आलीच असेल तर कोरडी झटकू नका, नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसून मग वाळवा.

१९. कोकणातून येताना डिकीत सुरमईचं पाणी सांडलं / दुधाची पिशवी फुटली / आंबे पिचले. वास जात नाही.

तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

मासळीचा वास अमाइन जातीच्या रसायनांचा, म्हणजे अल्कलीकडे झुकणारा असतो. तो आंबटाने मरतो. निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी शिंपडून टिपा, मग साध्या पाण्याने पुसा. दुधाचं उलट. ते नासून आम्लं तयार होतात, म्हणून तिथे खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढा. फोमपर्यंत मुरलं असेल तर एन्झाइम क्लीनर लागतो. गरम पाणी मात्र दोन्हीला नको, त्याने प्रथिनं कापडात घट्ट बसतात. आंब्याच्या रसात साखर असते, ती कोमट पाण्यात सुटते. कंटाळा केला तर मुंग्या येतात, आणि गाडीतल्या मुंग्या घालवणं वासापेक्षा कठीण.

सगळ्यात आधी स्टेपनीचा खड्डा उघडा. कार्पेट चकाचक आणि पाणी मात्र खाली साचलेलं, असं हमखास होतं.

२०. दसऱ्याला गाडीची पूजा केली, डॅशबोर्डवर आणि सीटवर हळद-कुंकवाचे डाग राहिले.

आधी पाणी लावू नका. कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने जेवढं निघेल तेवढं काढा, मगच ओलं फडकं. हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका; साबण धुतल्यावर तो परत पिवळा होतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा दार उघडं टाकून दोन दुपारी ऊन लागू द्या. बाजारातल्या कुंकवात बहुधा रासायनिक रंग असतो, तो कापडी सीटवरून पूर्ण जाईलच असं नाही. पुढच्या वर्षी बोनेटवर स्वस्तिक काढा आणि आत नुसतं झेंडूचं फूल ठेवा.

२१. डॅशबोर्ड पॉलिश, सीट कव्हर, सॅनिटायझर: काय वापरायचं, काय नाही?

चमकणारं सिलिकॉन पॉलिश काचेत परावर्तित होतं आणि दुपारच्या उन्हात समोरचं दिसत नाही. ते स्टिअरिंगवर आणि पेडलवर तर लावूच नका, पाय घसरतो. ओलं मायक्रोफायबर फडकं आणि थोडा सौम्य साबण बहुतेक वेळा पुरतो. स्क्रीनवर अल्कोहोलवालं सॅनिटायझर किंवा काचेचा अमोनियावाला क्लीनर नको, वरचा थर उडतो. सीटबेल्टला ब्लीच नको, धागा कमजोर होतो.

सीट कव्हर घेण्याआधी सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ची पट्टी आहे का बघा. असेल तर बाजूने शिवलेलं घट्ट कव्हर एअरबॅगला अडवतं. त्यासाठी वेगळ्या शिवणीची कव्हरं मिळतात. नाहीतर कव्हरच नको.

२२. बीएस-६ डिझेल आहे. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलंय! असं कसं?

हा भुताटकीचा प्रकार नाही, डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळी-फिल्टरचा आहे. हा फिल्टर धुरातली काजळी अडवतो. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून धूर तापवतं, साधारण ६०० अंशांपर्यंत, आणि काजळी जाळून टाकतं. ऑइलची राख मात्र जळत नाही, फिल्टरमध्येच साठते, म्हणून प्रश्न ४ मधलं कमी राखेचं ऑइल. यासाठी काही मिनिटं सलग चालावं लागतं. तुम्ही मधेच गाडी बंद केलीत तर काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की काही गाड्यांत न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी चढते. पातळ झालेलं ऑइल बदला, वाट बघू नका. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं हायवेवर एकसारखी चालवा. तेव्हा सुक्या गवतावर गाडी उभी करू नका.

रोजची फेरी पाच किलोमीटरची असेल तर डिझेल घेऊच नये, असं माझं मत आहे. डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) लागणाऱ्या गाडीत ते संपू देऊ नका, बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होणार नाही. आणि ते डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवण्याआधीच टो करून न्या.

२३. सीएनजी गाडीला वेगळं काय लागतं?

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर, आणि रोज थोडं पेट्रोलवर चालवणं, म्हणजे इंजेक्टर आणि टाकीतलं पेट्रोल पडून राहत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. आत सुमारे २०० बारचा दाब असतो, त्यामुळे तारीख टाळायची ही गोष्ट नाही.

२४. जुन्या गाडीत ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का?

पंपावर आता बहुतेक तेच मिळतं, त्यामुळे खरा प्रश्न काय सांभाळायचं हा आहे. साधारण एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० ला टिकणारे आहेत. त्याआधीच्या गाड्यांत इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि गॅस्केट प्रत्येक सर्व्हिसला बघून घ्या. पेट्रोलचा वास आला तर लगेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. ते पाणीही ओढतं. उभ्या राहणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने जुनं पेट्रोल ठेवू नका.

२५. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखू ठेवू का?

तंबाखूची पानं, फिनाइल, डांबरगोळ्या हे सगळे उपाय लोक सांगतात. उंदराला चार दिवसांत सवय होते आणि डांबरगोळ्यांचा वास एसीतून तुमच्याच नाकात येतो. खाऊचे कण गाडीत राहू देऊ नका, कचराकुंडीजवळ लावू नका, एअर इनटेकला तारेची जाळी बसवा आणि गाडी रोज हलवा. उभी असताना बॉनेट उघडं ठेवणंही उपयोगी पडतं, कारण उंदराला अंधार हवा असतो.

२६. पुराचं पाणी गाडीत शिरलं. ओसरल्यावर सुरू करून बघू?

नाही. चावीला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च इंजिनाएवढा होतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. अशा वेळी फोटो काढा, शक्य असेल तर बॅटरी सोडवा, विमा कंपनीला कळवा आणि टो करून न्या. पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिच्याजवळही न जाता कंपनीला फोन.

२७. सर्व्हिस सेंटरने इंजिन डीकार्बनायझिंग, इंटिरियर एनरिचमेंट, अँटी-रस्ट, इंजिन ड्रेसिंग सुचवलंय. करू का?

यांतलं काय मॅन्युअलच्या तक्त्यात आहे, असं शांतपणे विचारा. इंजिन ड्रेसिंग म्हणजे प्लास्टिकवर चमक. तक्रार नसताना डीकार्बनायझिंगची, म्हणजे इंजिनातली काजळी काढण्याची गरज नाही. इंटिरियरचं बरंचसं काम प्रश्न १७ ते २१ वाचून रविवारी सकाळी घरी होतं. अँटी-रस्टला मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. गाडी रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असेल तर खालून गोड्या पाण्याने धुणं आणि चांगलं कोटिंग दोन्ही उपयोगी.

जॉबकार्डवर सही करण्याआधी एकेक ओळ वाचा, आणि बदललेले जुने भाग परत मागा.

२८. इलेक्ट्रिक गाडीला यातलं काहीच लागत नाही ना?

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर लागत नाही. बाकी बरंच लागतं: ब्रेक ऑइल (प्रश्न ९ जसाच्या तसा), बहुतेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारं खास कूलंट, केबिन फिल्टर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी. पॅड कमी झिजतात, पण टायर जास्त, कारण गाडी जड असते. त्यातलं कूलंट घरी टॉप-अप करू नका.

२९. आम्ही परदेशात असतो. गाडी गावी सहा-आठ महिने उभी राहते. ठेवताना काय करायचं?

ठेवण्याआधी ऑइल बदला, आत व्हॅक्यूम करा, खाण्याची एकही गोष्ट राहू देऊ नका. टायरमध्ये स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा भरा. हँडब्रेक ओढू नका, शू चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. कव्हर हवा खेळणारं असावं, प्लास्टिकचं घातलं तर कोकणात महिनाभरात आतून बुरशी येते.

शेजारच्या काकांना ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करा’ असं सांगू नका. त्याने प्रश्न २ मधली सगळी दुखणी होतात आणि स्टार्ट करताना खर्चलेली बॅटरीही भरत नाही. चालवणारा कोणी असेल तर त्याला महिन्यातून दोनदा वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा, आणि परत आल्यावर बॉनेटखाली एकदा नजर टाकायला.